रंगाआधी ओल शोधा: घरातली एक खोली स्वतःच्या हातांनी नवी कशी करावी

घराचं काम स्वतः करायचं मनात आलं की बहुतेक जण रंगाच्या डब्यापासून सुरुवात करतात. शेड निवडायची, रोलर आणायचा, सुट्टीच्या दोन दिवसांत भिंत चकाचक. मीही पहिल्या वेळी असंच केलं होतं. तीन महिन्यांत त्या भिंतीवर रंगाचे फुगे आले आणि सहाव्या महिन्यात पोपडे गळायला लागले. रंग चांगला होता, हातही बरा होता. भिंतीच्या आत पाणी होतं आणि ते कुठून येतंय हे मी बघितलंच नव्हतं.

म्हणून या लेखात रंगकाम सगळ्यात शेवटी येतं. आधी ओल, मग भेगा, मग लांबी म्हणजे पुट्टी, मग अस्तर म्हणजे प्राइमर आणि मग रंग. हा क्रम उलटा करता येत नाही. पूर्ण घर एकदम काढू नका. एकच खोली घ्या, ती पूर्ण करा आणि मग पुढच्या खोलीकडे वळा. घरात माणसं राहत असताना काम करायचं तर दुसरा मार्गही नाही.

पाणी कुठून येतंय?

ओलीचा डाग कुठे आहे, यावरून निम्मं उत्तर मिळतं. जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत आडवी, लाटेसारखी रेघ दिसत असेल तर पाणी जमिनीतून वर चढतंय. छताला किंवा छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडा असलेला गोल डाग असेल तर वरची गच्ची, छप्पर किंवा वरचं बाथरूम तपासा. पाऊस असो वा नसो, डाग तेवढाच राहत असेल तर पाइपवर संशय घ्या. आणि कपाटामागे, पलंगामागे काळी बुरशी असेल तर बहुतेक वेळा ते खोलीतल्याच दमट हवेचं पाणी असतं. तिथे हवा खेळत नाही, भिंत गार राहते आणि वाफ तिच्यावर जमते.

शेवटच्या प्रकाराची खात्री करण्याची एक सोपी युक्ती आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा जाडसर तुकडा घ्या आणि भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर ती हवेतली आहे. हवेतल्या ओलीसाठी भिंत फोडायची गरज नाही. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.

पाइपचा संशय असेल तर पाण्याच्या मीटरला विचारा. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरायची असेल तर आधी भरून घ्या, मीटरवरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास पाण्याला हात लावू नका. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी पाणी गळतंय. मीटर टाकीच्या आधी बसवलेला असेल तर ही तपासणी फक्त टाकीपर्यंतची गळती सांगते, एवढं लक्षात ठेवा. फ्लशच्या टाकीसाठी वेगळी तपासणी करा. तिच्यात खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर गेला आहे. तो बदलणं हे घरातल्या सगळ्यात सोप्या दुरुस्त्यांपैकी एक आहे.

बाथरूमच्या पलीकडची भिंत ओली असेल तर बहुतेक वेळा टाइल्सच्या सांध्यांतला ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचा माल, झिजलेला असतो. हे काम स्वतः करण्यासारखं आहे. जुना ग्राउट खरवडणीने दोन-तीन मिलिमीटर खोल काढा, सांधे ब्रशने झाडा, नवा ग्राउट रबरी पट्टीने तिरका दाबत भरा. थोडा आवळला की ओल्या स्पंजाने तिरकं पुसून घ्या. सांध्याच्या रेषेतच पुसलं तर भरलेला माल बाहेर निघून येतो. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नका, सिलिकॉन सीलंट भरा. तिथली दोन्ही पृष्ठं किंचित हलतात, ग्राउट कडक असतो आणि तडकतो. सीलंट सुकायला चोवीस तास द्या. तेवढा वेळ अंघोळीची दुसरी सोय हवी, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

जमिनीतून चढणारी ओल मात्र घरच्या घरी कायमची थांबत नाही. आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंग फासला तर पाणी थांबत नाही, ते वरच्या बाजूने वाट काढतं. त्यासाठी जाणकार माणूस बोलवा. तोवर त्या भिंतीला काहीही न चोपडणं चांगलं.

भिंत वाळू द्या

गळती बंद झाली म्हणजे भिंत कोरडी झाली असं नाही. विटांची भिंत फार सावकाश वाळते. ढोबळ हिशेब म्हणून एक इंच जाडीला एक महिना धरतात. एवढा धीर धरणं कठीण जातं, हे मला मान्य आहे. पण निदान सुटलेला रंग आणि पोकळ गिलावा लगेच काढून टाका, म्हणजे भिंतीला श्वास घेता येईल. बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ जागेचा आवाज वेगळाच येतो. तिथला गिलावा छिन्नीने घट्ट भागापर्यंत काढा.

भिंतीवर पांढरी भुकटी फुलली असेल तर तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. बुरशीचं उलट आहे. ती कोरडी घासू नका, तिचे कण हवेत उडतात आणि नाकात जातात. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरायचं असेल तर ते ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या कुठल्याही द्रावणाबरोबर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

नवा गिलावा केला असेल तर रंगाआधी किमान चार आठवडे जाऊ द्या. ताजं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि त्यावरचा रंग फिका पडतो, डागाळतो.

भेगांची दोन घराणी

केसासारख्या, एक मिलिमीटरपेक्षा बारीक भेगा गिलाव्याच्या असतात. त्यांची चिंता करू नका. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून जाणारी, किंवा पाच मिलिमीटरपेक्षा रुंद भेग हा वेगळा विषय आहे. ती बुजवण्याआधी ती वाढतेय का हे बघा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा. दर महिन्याला बघा. वाढत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. अशा भेगेवर लांबी भरून रंग देणं म्हणजे घराने दिलेली सूचना झाकून टाकणं.

साध्या भेगेसाठी लोक वरून लांबी थापतात आणि ती वर्षभरात पुन्हा दिसते. भेग आधी मोठी करावी लागते. खरवडणीच्या टोकाने ती तीन-चार मिलिमीटर खोल, बाहेरून रुंद आणि आत निमुळती करा. ब्रशने धूळ काढा, किंचित ओली करा आणि क्रॅक फिलर पत्तीने दाबून आत ढकला. वाळताना तो आकसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची उभी भेग भरल्यावर वर फायबर जाळीची पट्टी चिकटवा. हे दोन पदार्थ उन्हात वेगवेगळे फुगतात, त्यामुळे ती जागा कायम ओढली जाते.

लांबी, आणि टॉर्चचा उजेड

जुना रंग घासण्याआधी एक गंभीर गोष्ट. घर कित्येक दशकांचं असेल तर जुन्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 मध्ये बंदी घातली, बऱ्याच देशांत ती त्यानंतर आली. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. असा संशय असेल तर आधी रंगाची तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर ते काम प्रशिक्षित माणसाकडे द्या, आणि तोवर तो थर कोरडा घासू नका, मशीन लावू नका. मुलं आणि गरोदर बाई या दिवसांत त्या खोलीकडे फिरकणार नाहीत हे पाहा.

इतर भिंतींसाठी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा. रंगाची चमक गेली आणि कडा बोटाला लागेनाशा झाल्या की थांबा. भिंत पुसून घ्या.

लांबी कालवताना पाण्यात पावडर टाका, पावडरीवर पाणी नको, नाहीतर गुठळ्या होतात. कालवून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा ढवळा. प्रमाण पिशवीवर असतं, ते पाळा. सिमेंटची लांबी दोन-तीन तासांत घट्ट व्हायला लागते, म्हणून एका वेळी तेवढीच कालवा जेवढी हातून संपेल. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नका, त्याची पकड गेलेली असते.

थर पातळ हवा, एका वेळी दीड मिलिमीटरच्या वर नको. पहिला हात खालून वर ओढा, तो वाळला की दुसरा आडवा ओढा. मग 120 आणि शेवटी 180 किंवा 220 नंबरचा पेपर. आता खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाका. एरवी न दिसणारी प्रत्येक खळगी, प्रत्येक पत्तीची रेघ सावली टाकते. पेन्सिलीने गोल करा आणि तेवढंच पुन्हा भरा. या टॉर्चवर घालवलेला एक तास मला पूर्ण कामात सगळ्यात मोलाचा वाटतो. रंग लागल्यावर सकाळचं ऊन हेच सगळं दाखवतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

धूळ पुसून अस्तराचा एक हात द्या. अस्तर नसेल तर लांबी लावलेली जागा रंग जास्त शोषते आणि ठिगळासारखी वेगळी दिसते.

किती रंग आणायचा

खोलीचा घेर गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. समजा खोली 12 बाय 10 फूट, उंची 10 फूट. घेर 44, म्हणून भिंती 440 चौरस फूट. 7 बाय 3 चं दार आणि 4 बाय 4 ची खिडकी मिळून 37 वजा केले की 403 उरतात. डब्यावर लिटरला एका हातात 120 चौरस फूट लिहिलं असेल तर दोन हातांना 6.7 लिटर, म्हणजे 7 लिटर घ्या. छताचे 120 चौरस फूट वेगळे मोजा. डबे एकापेक्षा जास्त असतील तर सगळे एका बादलीत ओतून मिसळा, कारण डब्याडब्यात छटेचा बारीक फरक असतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसला तर फार खटकतो.

रंग

आधी एमसीबी, म्हणजे त्या खोलीची वीज तोडणारा स्विच, बंद करा, स्विचबोर्डची प्लेट सैल करण्याआधी टेस्टरने वीज नसल्याची खात्री करा. प्लेट काढून मागची कडा रंगवली की काम सफाईदार दिसतं. वायरिंग बदलायचं असेल तर ते इलेक्ट्रिशियनचं काम आहे, तिथे हात घालू नका. घडीच्या शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहू नका. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिचा पाय भिंतीपासून लांब ठेवा.

छत आधी, भिंती नंतर. कोपरे आणि चौकटीच्या कडा ब्रशने दोन-तीन इंच रंगवा आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. म्हणून चारही भिंतींच्या कडा एकदम रंगवून ठेवू नका, एकेक भिंत घ्या. रोलर रंगात बुडवून ट्रेवर निथळा, भिंतीवर मोठा तिरका फराटा ओढून रंग पसरवा आणि शेवटी वरून खाली हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. एक भिंत सुरू केली की मध्ये थांबू नका. अर्धवट वाळलेल्या कडेवर पुन्हा रोलर गेला की पट्टा उमटतो आणि तो दुसऱ्या हातानेही पूर्ण जात नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या हातात डब्यावर सांगितलेलं अंतर ठेवा, साधारण चार ते सहा तास. मधल्या वेळात रोलर धुवायची गरज नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा. पाऊस लागून हवा जड झाली असेल तर हे अंतर वाढवा. शेवटच्या हातानंतर मास्किंग टेप रंग थोडा ओला असतानाच, तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचा रंग तिच्याबरोबर सोलून येतो.

रंग हाताला कोरडा लागतो म्हणजे पक्का झाला असं नाही. दोन ते चार आठवडे भिंत ओल्या फडक्याने पुसू नका, कपाट टेकवू नका. उरलेला रंग लहान, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवा आणि वर शेडचा नंबर, खोलीचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी खिळ्याचं भोक बुजवाल तेव्हा तीच बरणी लागेल.