ओअर्सचा रिपोर्ट वाचताना

ओहायोतली फार्मसी नियंत्रित औषध, म्हणजे सवय लागू शकते म्हणून कायद्याने बंधन घातलेलं औषध देते, त्याची नोंद ओअर्स या राज्याच्या संगणकीय नोंदवहीत होते. काऊंटरवर नव्याने उभ्या राहणाऱ्या आपल्या पोरापोरींना मी सांगते, पेशंटच्या रिपोर्टवरचा तो ओव्हरडोस रिस्क स्कोअर, म्हणजे अतिडोसच्या धोक्याचा आकडा, आधी बाजूला ठेवा. ० ते ९९९ मधला आकडा का चढला, ते खालच्या ओळी वाचूनच कळतं.

सुरुवात नावापासून. जन्मतारीख तीच, स्पेलिंग वेगळं, असे दोन रेकॉर्ड निघतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते कुठेही जाऊन बसतं! शोधताना शेजारची राज्यंही निवडा. सिनसिनाटीचा माणूस नदी ओलांडून केंटकीत औषध घेऊ शकतो.

मग सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामकं, दिवसाच्या मॉर्फिनच्या मापात आणा. समजा ऑक्सिकोडोन १० मिग्रॅ दिवसातून चारदा: ४० गुणिले १.५, झाले ६०. दुसऱ्या डॉक्टरचं ट्रॅमाडॉल ५० मिग्रॅ चारदा: २०० गुणिले ०.२, आणखी ४०. एकूण १००. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचं २०२२चं मार्गदर्शन ५० लाच थांबून विचार करायला सांगतं. ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइडच, व्यसनाच्या उपचारातही देतात, पण ते या बेरजेत धरायचं नाही.

मला मात्र बेरजेपेक्षा जोडीची धास्ती जास्त. ओपिऑइडसोबत अल्प्राझोलॅम किंवा क्लोनाझेपामसारखं चिंता कमी करणारं, गुंगी आणणारं औषध दिसलं, की औषध दिल्याची तारीख आणि किती दिवसांचा पुरवठा ते बघा. दोन्ही एकाच वेळी चालू आहेत का? दोन्हींनी श्वास मंदावतो. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये याबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्याचं औषधही ओअर्समध्ये दिसतं, तेही बघा.

तारखांमधला खंडही वाचा. मोठा डोस एकदम बंद झालेला माणूस सुरक्षित नसतो. शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुनाच डोस पुन्हा घेतला तर जिवावर बेततं. रस्त्यावर बेकायदा मिळणारं फेंटॅनिल हे जोरदार ओपिऑइड रिपोर्टमध्ये येत नाही, व्यसनावर उपचार करणाऱ्या मेथाडोन क्लिनिकमधला डोसही बहुधा नसतो. ते विचारावंच लागतं.

चार डॉक्टर दिसले म्हणून लगेच आठ्या नकोत. चौघे एकाच क्लिनिकचे असतील, पेशंट कॅन्सरचा असेल.

शंका आली तर औषध नाकारून मोकळे होऊ नका. दोन्ही डॉक्टरांना फोन लावा, एकमेकांची औषधं त्यांना माहीत आहेत का विचारा. ओपिऑइडचा अतिडोस उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनचा नाकातला स्प्रे सुचवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवायही मिळतो. कसा मारायचा ते घरच्या माणसाला दाखवा. बेशुद्ध पेशंट स्वतःच्या नाकात कसा मारणार?