डोलकाठीच्या तारांना ताण कसा लावावा

डोलकाठी उभी केली, तारा जागच्या जागी अडकवल्या, तरी काम निम्मंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं म्हणजे प्रत्येक तारेला योग्य ताण देणं, आणि नेमक्या याच कामाबद्दल वाटेल ते सल्ले मिळतात. त्यातला सर्वांत लाडका सल्ला म्हणजे तार बोटाने छेडायची आणि तंबोऱ्यासारखी वाजली की झालं समजायचं. तारेचा सूर ताणाइतकाच लांबीवर आणि जाडीवरही ठरतो. एकाच बोटीवरच्या वेगवेगळ्या लांबीच्या तारा छेडून काही कळत नाही.

पुढे फोरस्टे, मागे बॅकस्टे, दोन्ही बाजूंना श्राउड, अशी तारांची मांडणी गृहीत धरतो. वरचे श्राउड स्प्रेडरच्या, म्हणजे डोलकाठीतून दोन्ही बाजूंना निघालेल्या आडव्या दांड्यांच्या, टोकावरून डोलकाठीच्या शेंड्याकडे जातात, तर खालचे स्प्रेडरच्या बुंध्याशी संपतात. सगळ्या टर्नबकलच्या, म्हणजे तारा आवळायच्या फिरत्या फिटिंगच्या, आट्यांना ग्रीस लावा. डोलकाठी डेकमधून खाली उतरत असेल तर डेकपाशी ठोकलेल्या पाचरी आधी काढा. तारेवरून कापड फिरवा. धागा कुठे अडकला तर तिथली एक तार तुटलेली आहे आणि तो श्राउड बदलायचा आहे. त्याला ताण देत बसू नका.

आता शेंडा मध्यावर आणा. त्यासाठी ओळंबा सोडू नका, पाणसळही लावू नका. तरंगती बोट कधीच अगदी समतल नसते. एका बाजूच्या टाकीत पाणी जास्त असलं तरी ओळंबा खोटं बोलतो. मुख्य शिडाच्या हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला) स्टीलची मोजपट्टी बांधून शेंड्यापर्यंत चढवा, आणि डाव्या-उजव्या चेनप्लेटपर्यंतचं (श्राउड बोटीला जिथे अडकतो त्या पट्टीपर्यंतचं) अंतर मोजा. वरचे श्राउड कमी-जास्त करून दोन्ही अंतरं सारखी करा. नुसता हॅलयार्ड ओढून मोजू नका, दोरी ताणली जाते. जुन्या बोटीत मुळात दोन्ही चेनप्लेटच सारख्या अंतरावर आहेत ना, हे नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मोजून पाहा.

डोलकाठी किती मागे झुकवायची, ते फोरस्टेच्या लांबीने ठरतं. बोट सुकाणू सोडताच जोरात वाऱ्याकडे वळत असेल तर झुकाव कमी करा. बॅकस्टे त्यानंतर आवळा.

वरच्या श्राउडचा ताण मोजायला महागडं यंत्र लागत नाही. एकोणीस धाग्यांची नेहमीची स्टीलची तार असेल तर २ मीटरची घडीची पट्टी पुरते. तार हाताने जेमतेम ताठ असताना पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटपट्टीने घट्ट बांधा. खालचं टोक मोकळं ठेवा आणि त्याचं तारेच्या खालच्या फिटिंगपासूनचं अंतर लिहून घ्या. मग दोन्ही बाजू आळीपाळीने, सारखे फेरे देत आवळा. अंतर १ मिलीमीटरने वाढलं की तारेत तिच्या तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण आला. तार जाड असो की बारीक, हिशोब हाच. सरळ स्प्रेडरच्या बोटीला ३ मिलीमीटर, म्हणजे १५ टक्के, पुरतात. स्प्रेडर मागे झुकलेले असतील तर २० टक्क्यांच्या आसपास जा. डोलकाठी बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर त्याचंच ऐका. त्यापुढे आवळत गेलात तर बोटीचा सांगाडा वाकतो. केबिनचं दार अचानक अडकायला लागलं की समजा, फार झालं.

खालचे श्राउड सध्या बेताचेच ठेवा. डोलकाठीच्या मागच्या अंगाला शीड ज्या खाचेत सरकतं, त्या खाचेतून वर बघा. डोलकाठी सरळ दिसली की धक्क्यावरचं काम संपलं.

खरी परीक्षा पाण्यावर असते, आणि मला सर्वांत जास्त झुंजवलं ते याच टप्प्याने. धक्क्याला सरळ दिसणारी डोलकाठी वाऱ्यात वाकडी होते, कारण तारा भाराखाली लांबतात आणि सारख्या लांबत नाहीत. वरचा श्राउड लांब असतो, त्यामुळे सारख्याच ताणाला तो जास्त मिलीमीटर देतो. खालचा आखूड, तो फारसा हलत नाही. परिणाम असा की मधला भाग जागेवर राहतो आणि शेंडा वाऱ्याआड, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, झुकतो.

१० ते १५ नॉट वाऱ्यात पूर्ण शिडं लावून, वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. बोट १५ ते २० अंश कलली पाहिजे. आता वाऱ्याआडचा, म्हणजे खालच्या अंगाचा, वरचा श्राउड हाताने हलवा. तो किंचित सैल लागला तर ठीक. झोके घेत असेल तर ताण कमी आहे. मग खाचेतून वर बघा. मधला भाग वाऱ्याआड फुगला असेल तर खालचे श्राउड आवळायला हवेत. शेंडा झुकला असेल तर बहुतेक जण वरचे श्राउड आवळत सुटतात, आणि इथेच घोळ होतो. वरच्या श्राउडचा ताण पट्टीप्रमाणे बरोबर असेल आणि वाऱ्याआडची तार झोके घेत नसेल, तर दोष खालच्या श्राउडचा आहे. त्यांनी मधला भाग वाऱ्याकडे धरून ठेवलाय. त्यांना सैल करा.

पाना लावायचा तो फक्त वाऱ्याआडच्या, सैल तारेला. भार असलेला टर्नबकल कधीही फिरवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. स्टीलचे आटे दाबाखाली एकमेकांत रुततात, जाम होतात, आणि मग तो टर्नबकल करवतीने कापावा लागतो. सैल बाजूला अर्धा फेरा द्या, टॅक करा (बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूने घ्या), आता सैल झालेल्या दुसऱ्या बाजूलाही अर्धाच फेरा द्या, परत टॅक करून बघा. फेरे मोजले नाहीत तर शेंडा पुन्हा मध्यावरून सरकतो. फिरवताना दुसऱ्या पान्याने तारेचं टोक धरून ठेवा, नाहीतर टर्नबकलऐवजी तारेलाच पीळ बसतो. काम कललेल्या बाजूच्या कडेवर वाकून करायचं आहे, म्हणून हार्नेस, म्हणजे बोटीला बांधून ठेवणारा पट्टा, घालूनच करा.

परत आल्यावर प्रत्येक टर्नबकलमध्ये तो आपोआप फिरू नये म्हणून कॉटर पिना (दोन पायांच्या पिना) घाला. लॉकनट पुरतो म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, तो थरथरीने सुटतो. पिनेचे पाय १५-२० अंशच फाकवा. पूर्ण गुंडाळले तर अडचणीच्या वेळी पीन निघत नाही. वरून टेप लावा, शिडं फाटणार नाहीत. तार नवी असेल तर जोराच्या वाऱ्यात एकदा जाऊन आल्यावर पुन्हा सगळं तपासा.