ओपीजीत आधी पटाशीचे दात बघा

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, समोर आला की नवख्यांची नजर थेट किडलेल्या दाढेवर जाते. ती आधी पटाशीच्या दातांवर न्या. पेशंटचं डोकं मशीनमध्ये कसं होतं, ते तिथेच कळतं.

एक्स-रे सोडणारी ट्यूब आणि ते टिपणारा सेन्सर डोक्याभोवती फिरताना नालाच्या आकाराचा एकच पट्टा स्पष्ट उमटतो, तो फोकल ट्रफ. दाढांपाशी तो रुंद असतो, पुढे फार अरुंद. म्हणून काही मिलिमीटरांची चूकही पुढच्या दातांत आधी दिसते. पेशंट फार पुढे असेल तर ते बारीक आणि धूसर येतात, मागे राहिला तर फुगलेले आणि धूसर. मागे सरकलेला दात ट्यूबच्या जवळ जातो. त्याची सावली सेन्सरच्या वेगाशी जुळत नाही आणि रुंदी ताणली जाते. उंचीत तितका फरक पडत नाही.

बाइट ब्लॉकच्या, म्हणजे मशीनवर दातांत धरायच्या तुकड्याच्या, खाचेत वरचे आणि खालचे, दोन्ही दात हवेत. खालचा जबडा मागे असलेला पेशंट नुसतं ‘चावा’ म्हटल्यावर वरचेच दात खाचेत ठेवतो. त्याला खालचा जबडा पुढे घ्यायला सांगा आणि ओठ बाजूला करून स्वतः पाहा.

हनुवटी खाली गेली की दातांची रांग इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळते आणि खालच्या पटाशीची मुळं पुसट होतात. वर गेली की रांग सपाट होते, टाळूचं हाड वरच्या मुळांवर येतं. एका बाजूच्या दाढा रुंद नि दुसरीकडच्या अरुंद दिसल्या, तर मान वळलेली होती. वरच्या मुळांवर काळा पट्टा असेल, तर जीभ टाळूला चिकटलेली नव्हती. ‘आवंढा गिळा आणि जीभ तिथेच ठेवा’ हे वाक्य रोज म्हणावं लागतं. राहून गेलेल्या कर्णफुलाची सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर, मोठी आणि धूसर पडते. तिला गाठ समजू नका.

इम्प्लांटसाठी (हाडात बसवायच्या कृत्रिम दातासाठी) ओपीजीवर थेट पट्टी लावून हाड मोजणं धोक्याचं आहे. 5 मिलिमीटरची स्टीलची गोळी त्या जागी, दातांच्या रांगेत बसवून फोटो घ्या. गोळीची उंची 6.5 दिसली तर उभी वाढ 1.3 पट, म्हणजे 15.6 मिलिमीटर दिसणारं हाड प्रत्यक्षात 12. आडव्या मापासाठी हा हिशेब वापरू नका, त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, मागवा.