पेन ड्राइव्हवर हजार फायली? आधी गठ्ठा बांधा

परभणीच्या आमच्या सेवा केंद्रात सातबारा, आठ-अ आणि पिकांच्या फोटोंच्या हजारो बारक्या फायली पेन ड्राइव्हवर घ्याव्या लागतात. एकेक करत तास जातो, अन् मधेच लाइट गेली की काय आलं, काय राहिलं ते कळत नाही. टार, म्हणजे बऱ्याच फायलींचा एकच गठ्ठा बांधणारी कमांड, वापरून त्यांची एकच फाइल करा आणि ती कॉपी करा. विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार आहे, लिनक्सवर असतंच.

१. कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत), फोल्डर जिथं ठेवलंय तिथं या.
२. टार लिहा, जागा सोडून वजाचं चिन्ह, त्याला चिकटून छोट्या लिपीत सी आणि एफ. पुढं गठ्ठ्याचं नाव, शेवटी फोल्डरचं.
३. सीच्या जागी टी लिहून, फोल्डरचं नाव वगळून यादी तपासा.

गठ्ठा दाबून आकार कमी करायचं अक्षर झेड. फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांना झेड लावून उपयोग नाही. नुसत्या मजकुराच्या किंवा सीएसव्ही फायली असतील तर सी, झेड, एफ लिहा. आकार बराच उतरतो.

जपा: एफनंतर गठ्ठ्याचंच नाव हवं. तिथं चुकून एखाद्या फायलीचं नाव पडलं तर टार न विचारता तिच्यावरच लिहितं, मूळ फाइल गेली.