मिरकरवाड्याच्या समुद्रातलं बारीक प्लॅस्टिक कसं मोजायचं

मी रत्नागिरीत कॉलेजात शिकवते. पावसाळा सरून समुद्र निवळला की मुलांना घेऊन मिरकरवाड्याहून होडीने निघते आणि पाण्याच्या वरच्या थरातले 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकचे कण गोळा करते. यात जपायचं एकच: नमुन्यात आपलं स्वतःचं प्लॅस्टिक जाता कामा नये.

पहिल्या वर्षी भरपूर निळे धागे निघाले. मुलं हरखून गेली. मी एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि शेजारी जाळं ओढायच्या दोरीचा एक तंतू. तोच निळा, तीच जाडी, टोकही तसंच पिंजलेलं. अख्खा दिवस बाद केला. आता दोरीचा तुकडा, होडीच्या रंगाची खपली, प्रत्येकाच्या कपड्याचा धागा आधी काचेच्या बाटलीत ठेवते. सगळ्यांनी सुती कपडेच घालायचे. एक उघडी बाटली गाळलेलं पाणी भरून होडीवर ठेवायची. तिच्यात हवेतून पडलेले कणही मोजायचे, ते शेवटी वजा होतात.

जाळं मँटा प्रकारचं घ्या. पाकटासारखे दोन पंख असल्याने ते वरच्या वर तरंगतं. जाळीचं भोक साधारण 333 मायक्रॉन, तोंडाशी फ्लोमीटर, म्हणजे जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्र. जाळं होडीच्या मागे न बांधता बाजूला दांडीवर बांधा. आमचे तांडेल पहिल्याच दिवशी ओरडले होते, "मॅडम, जाळं फेसात चाललंय, बाहेर घ्या!" होडीच्या फेसात पाणी घुसळून कण खाली जातात. वारा वाढून लाटांना पांढरे तुरे आले तर त्याच कारणाने परत फिरा.

दोन-तीन नॉट वेगाने 20 मिनिटं ओढा, फ्लोमीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहा. जाळं वर घेतलं की बाहेरच्या अंगाने धुवा म्हणजे सगळं शेपटीच्या डब्यात उतरतं. आतून धुतलंत तर धुण्याच्या पाण्यातले कणही नमुन्यात जातात.

प्रयोगशाळेत 5 आणि 0.3 मिलिमीटरच्या स्टीलच्या चाळण्या. मधला गाळ वाळवून त्यावर लोहाचं द्रावण आणि 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालतो. शेवाळ, जीवजंतू जळून जातात, प्लॅस्टिक बहुतेक टिकतं. तापमान 75 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. मिश्रण एकदम उसळतं, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), चष्मा घालून; मुलांना एकटं सोडू नका. मग मीठ घालून पाणी जड करायचं, तरंगलेलं गाळून घ्यायचं.

शंका असलेल्या कणाला तापलेल्या सुईचं टोक लावा. प्लॅस्टिक वितळतं किंवा आक्रसतं, शिंपल्याचा चुरा तसाच राहतो. कोणतं प्लॅस्टिक, हे मात्र एफटीआयआरसारखं, इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणारं यंत्रच सांगतं.

हिशेब असा: पाण्यात बुडालेलं तोंड 0.6 गुणिले 0.15 मीटर, फ्लोमीटरवर अंतर 1200 मीटर, म्हणजे 108 घनमीटर पाणी गाळलं. उघड्या बाटलीचा हिशेब लावून 54 कण उरले, तर दर घनमीटरला 0.5. आकड्यासोबत जाळीचं भोकही लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना होत नाही. पीव्हीसी आणि बाटल्यांचं पीईटी (पेट) ही प्लॅस्टिकं जड असल्याने बरंचसं तळाला जातं आणि अतिबारीक तंतू जाळीतून निसटतात. धाग्यांसाठी मी स्टीलच्या बादलीने वेगळं पाणी घेते आणि ते आकडे जाळ्याच्या आकड्यांत मिसळत नाही.

मोजलेले गाळणकागद काचेच्या बंद पेट्री डिशमध्ये जपून ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं तेच कागद पुन्हा मोजतात. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच मी आकडा वहीत पक्का करते.