वेडी बाभूळ: चेनसॉ की जेसीबी?

सांगोल्याकडच्या आमच्या दोन एकर कुरणात वेडी बाभूळ माजली होती. आधी चेनसॉ भाड्याने आणला. दोन दिवसांत सगळं आडवं, मी खूश. पहिल्या पावसानंतर बघतो तर एकेका बुंध्याला आठ-दहा फुटवे! ट्रॅक्टर घातला, तर काट्याने पुढचं टायर पंक्चर.

शेवटी जेसीबी तासावर लावला. चालकाला म्हटलं, "दादा, नुसतं ढकलू नका, बकेटीने मुळासकट उपटा." जमिनीखालचा हातभर गड्डा निघाला की फुटायला काही उरत नाही. मनगटाएवढी झाडं मात्र टिकावानेच खणली. त्यांच्यासाठी डिझेल कशाला जाळायचं? खड्डे बुजवून मारवेल या चाऱ्याच्या गवताची ठोंबं लावली. शेळ्यांना आता शेंगा खाऊ देत नाही, लेंड्यांतून बी परत रानात येतं.