स्कोलिओसिसमधला स्क्रू: गाइड हाडावर बसलं तरच

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या टूल रूममध्ये कुणालाही विचारा: जिग (ड्रिलला दिशा देणारा साचा) जॉबवर नीट बसलं नसेल तर ड्रिल कितीही भारी असो, भोक सरकणारच. स्कोलिओसिसमध्ये (बाजूला वाकलेला, फिरलेला कणा) मणक्यात स्क्रू घालताना ड्रिलला दिशा देणारं थ्रीडी प्रिंटेड गाइड पहिल्यांदा हाती घेणाऱ्या ऑर्थो रेसिडेंटनेही हेच धरून चालावं.

नेहमीच्या उजव्या थोरॅसिक कर्व्हमध्ये (छातीच्या भागातला उजवीकडचा बाक) डावी, म्हणजे कॉन्केव्ह (बाकाच्या आतली) बाजू अवघड. तिथले पेडिकल (मणक्याचा मागचा आणि पुढचा भाग जोडणारे हाडाचे खांब, ज्यांतून स्क्रू जातो) बारीक आणि मज्जारज्जू त्याच बाजूला सरकलेला. आतली भिंत फुटली तर माफी नाही; बाहेरून पुढे गेलात तर महाधमनी. सीटीचे स्लाइस १ मिमी किंवा त्याहून पातळ घ्या. मणका फिरलेला असतो, म्हणून पेडिकलची रुंदी त्याच्याच अक्षात मोजा, सरळ अॅक्सियल (आडव्या) कापावर नाही. आत स्पंजी हाड दिसतच नसेल तर बरगडीच्या बाजूने इन-आउट-इन (स्क्रू पेडिकलबाहेरून जाऊन पुन्हा मणक्यात) किंवा स्क्रूऐवजी हाडाला अडकवायचा हुक. प्रत्येक पेडिकलमध्ये स्क्रू हवाच, हा हट्ट सोडा.

सीटी उताणं, ऑपरेशन पालथं. मणक्यांची आपापसातली जागा बदलते. त्यामुळे गाइड एकेका मणक्याचं वेगळं हवं, आणि त्यावर लेव्हल (कितवा मणका) व डोक्याची दिशा कोरलेली. टी ७ आणि टी ८ (छातीचा सातवा आणि आठवा मणका) ची गाइड्स ट्रॉलीवर जुळ्या भावांसारखी दिसतात. पीएलए (प्रिंटिंगचं प्लास्टिक) ऑटोक्लेव्हच्या उष्ण वाफेत वाकतं. ते निर्जंतुक करायला ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा.

खरी चूक होते ती बसवताना. फॅसेटचं (दोन मणक्यांमधल्या छोट्या सांध्याचं) कार्टिलेज आणि कॅप्सूल सीटीवरून केलेल्या हाडाच्या मॉडेलमध्ये नसतं, जखमेत मात्र असतं. कॉटरी आणि क्युरेटने (खरवडायचं हत्यार) लॅमिना (मणक्याची मागची पाटी), स्पायनस प्रोसेसचा (मागे निघालेल्या टोकाचा) पाया कोरडा, पांढरा दिसेपर्यंत साफ करा. त्या लेव्हलची फॅसेटेक्टमी (फॅसेट कापून काढणं) ड्रिलनंतरच, नाहीतर गाइडचा टेकूच जातो. बोटाने दोन्हीकडून दाबा. डुगडुगलं तर पुन्हा साफसफाई. निर्जंतुक केलेलं मणक्याचं मॉडेल शेजारी ठेवा, त्यावर बसतं तसंच इथे बसायला हवं. बाजूचा स्नायू गाइडच्या नळीला मध्यरेषेकडे ढकलतो आणि ड्रिलचं टोक बाहेर जातं. रिट्रॅक्टर धरणाऱ्याला हे आधी सांगा. उतारावर ड्रिल घसरतं, म्हणून आधी बरने (फिरतं घासणारं टोक) कॉर्टेक्स (हाडाचा कडक बाहेरचा थर) फोडा.

नंतर फीलरने (बोथट सळई) भोकाचा तळ आणि चारही भिंती चाचपा. टी ६ ते टी १२ मध्ये ट्रिगर्ड ईएमजी (स्क्रूला वीज देऊन स्नायू किती करंटला हलतो ते पाहणं) ६ मिलिअँपियरखाली आला तर स्क्रू काढून पुन्हा बघा. स्नायू शिथिल करणारं औषध उतरलेलं नसेल तर हा आकडा फसवा, भूलतज्ज्ञांना विचारूनच चाचणी करा. एमईपीची (मेंदूकडून स्नायूपर्यंत मज्जारज्जूतून संदेश पोहोचतो का ते पाहणाऱ्या चाचणीची) जागा ही चाचणी घेत नाही.

नेव्हिगेशन (स्क्रीनवर हत्याराची जागा दाखवणारी यंत्रणा) असेल तर हाडाला लावलेल्या संदर्भ फ्रेमपासून दूर जाल तशी चूक वाढते. प्रत्येक लेव्हलला ओळखीच्या हाडावर प्रोब टेकवून स्क्रीन पडताळा. फ्रेमला धक्का लागला तर नवा स्कॅन, चर्चा नको.

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंध देणार असाल तर स्क्रू पेडिकलबाहेर किती गेला ते सांगणारे गर्ट्झबाइन-रॉबिन्स ग्रेड (ए म्हणजे ब्रीच, म्हणजे भिंत फुटणं, नाही; बी २ मिमीच्या आत) कॉन्केव्ह आणि कॉन्व्हेक्स (बाकाच्या बाहेरच्या) बाजूंसाठी वेगळे मांडा. एका सरासरीत डावीकडचे ब्रीच दडून जातात. मात्र नुसत्या प्रबंधासाठी किशोरवयीन मुलीचा आणखी एक सीटी करू नका.